मदत हवी आहे : प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीत सहा महिने एकाच जागी अडकलो आहे

चुकलेला_नेम (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या सहा महिन्यांत यूएसपीएसएच्या (अमेरिकेतील प्रॅक्टिकल नेमबाजीची संघटना) सात स्पर्धा खेळलो. दर शनिवारी मेव्हण्याला घेऊन रेंजवर जातो आणि दीडशे गोळ्या झाडतो. तरीही निकालपत्रकात माझे नाव शेवटच्या पाचांतून वर सरकत नाही. वेग कमी पडतो हे उघड आहे, म्हणून अडीच हजार डॉलरचे '२०११' पद्धतीचे (हे साल नव्हे, पिस्तुलाचा प्रकार आहे) पिस्तूल घेण्याच्या विचारात आहे. त्याने टक्केवारी किती वाढेल, एवढेच कृपया सांगावे. 'सराव करा' हा सल्ला नको, तो मी करतोच आहे.

ह्यूस्टनचा_पाहुणा

आपण कोणत्या राज्यात आहात, कोणत्या विभागात (पिस्तुलाच्या प्रकारानुसारच्या गटात) खेळता, सध्या पिस्तूल कोणते आहे आणि उजव्या हाताने झाडता की डाव्या, यांपैकी काहीही लिहिलेले नाही. तब्येत न सांगता औषधाची किंमत विचारल्यासारखा हा प्रश्न झाला आहे. निदान शेवटच्या स्पर्धेतील एका स्टेजचे, म्हणजे एका फेरीचे, आकडे तरी द्यावेत.

नेमबाज_काका

मी कोल्हापुरात बरीच वर्षे १० मीटर एअर पिस्तूल खेळलो आहे. आपल्याकडे राही सरनोबतने २०१८च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले, ते पायापासून शिकल्यामुळेच. तुम्ही वर्षभर धावपळ सोडून एका हाताने, शांत उभे राहून, साडेअकरा मिलिमीटरच्या वर्तुळात छर्रे बसवा. वेग आपोआप येईल.

ह्यूस्टनचा_पाहुणा

काका, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, परंतु एअर पिस्तुलात साठ नेमांसाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात, तर इथे अठ्ठावीस गोळ्या वीस-तीस सेकंदांत, धावत, दोन्ही हातांनी आणि प्रत्येक धक्क्यानंतर नळी सावरत झाडायच्या असतात. चापावरचा संयम दोन्हीकडे लागतो हे मान्य आहे. पण धक्का सोसणारी पकड छऱ्याच्या पिस्तुलावर शिकता येत नाही, कारण तिथे सोसण्यासारखा धक्काच नसतो.

चुकलेला_नेम

या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतील असे वाटले होते. डॅलसजवळ राहतो, उजवा आहे, कॅरी ऑप्टिक्स विभागात रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण) लावलेले ९ मिमीचे पिस्तूल वापरतो. मागच्या रविवारच्या अठ्ठावीस गोळ्यांच्या स्टेजवर १७ ए, ६ सी, २ डी (लक्ष्यावरचे गुणांचे भाग, ए सर्वांत मधला) आणि ३ मिस झाले, वेळ ३१.४० सेकंद. आमच्या विभागातील पहिल्याने २४ ए आणि ४ सी मारून १९.८५ सेकंदांत ती संपवली. साडेअकरा सेकंदांचा फरक आहे, म्हणूनच म्हणतो की वेग हवा.

हिशेबनीस

आकडे दिलेत, आता हिशेब मांडतो. कॅरी ऑप्टिक्समध्ये सर्वांना मायनर (कमी ताकदीच्या काडतुसांचे) गुणांकन असल्यामुळे ए-ला ५, सी-ला ३ आणि डी-ला १ गुण मिळतो, आणि प्रत्येक मिसमागे १० गुण जातात. म्हणजे आपले ८५ अधिक १८ अधिक २, वजा ३०, असे ७५ गुण झाले. त्यांना ३१.४०ने भागले की हिट फॅक्टर, म्हणजे दर सेकंदाचे गुण, २.३९ येतो. पहिल्याचे १३२ गुण भागिले १९.८५, म्हणजे ६.६५. पहिल्याच्या तुलनेत आपण ३६ टक्क्यांवर आहात.

आता समजा, त्याच तीन लक्ष्यांवर आपण चार सेकंद जास्त घेतले असते आणि तिन्ही गोळ्या नुसत्या सी-मध्ये बसल्या असत्या. गुण ११४, वेळ ३५.४०, हिट फॅक्टर ३.२२, म्हणजे ४८ टक्के. आपण चार सेकंद *हळू* झालात आणि बारा टक्के वर गेलात. शिवाय अशा स्टेजवर गोळ्यांच्या संख्येवर बंधन नसते आणि कागदी लक्ष्यावरचे उत्तम दोन फटकेच धरले जातात. त्यामुळे डॉट चुकीच्या जागी असताना गोळी सुटल्याचे कळले, तर तिथल्या तिथे आणखी एक झाडून टाकायची असते. ती झाडली नाही, याचा अर्थ मिस झाल्याचे आपल्याला लक्ष्यावरची भोके टेपने बुजवणारा माणूस लक्ष्यापाशी पोहोचेपर्यंत कळलेच नव्हते.

पिस्तुलाविषयी. २०११ पद्धतीचे पिस्तूल निव्वळ सिंगल अ‍ॅक्शन असते (चाप ओढण्याआधी घोडा ताणलेलाच असावा लागतो) आणि ते कॅरी ऑप्टिक्समध्ये चालत नाही. ते घेतले की आपोआप लिमिटेड ऑप्टिक्स या दुसऱ्या विभागात जाल, जिथे तेच पिस्तूल घेतलेले, पण मिस न करणारे लोक आपली वाट पाहत असतील.

पळा_पळा

हिशेबनीसांशी मी सहमत नाही. या खेळाच्या ब्रीदात अचूकता, शक्ती आणि वेग असे तीन शब्द आहेत, एकच नाही. नवख्याला 'हळू, हळू' सांगत राहिले की तो तीन वर्षांनीही ३५ सेकंदांतच स्टेज संपवतो. एकतीस सेकंदांपैकी गोळ्या सुटत असतात ती दहा-बारा सेकंदे. उरलेला वेळ कुठे गेला ते कोणी विचारतच नाही. धागाकर्त्यांनी व्हिडिओ पाहून सांगावे की मॅगझिन चालता चालता बदलले की उभे राहून, आणि पुढच्या जागेवर पोहोचताना पिस्तूल डोळ्यांसमोर आलेले होते की पोटाशी होते.

चुकलेला_नेम

व्हिडिओ पाहिला. मॅगझिन उभे राहून बदलले आहे, आणि बदलताना मी कमरेकडे खाली पाहतो आहे. पिस्तूल प्रत्येक वेळी जागेवर पाय थांबल्यावरच वर येते. तिन्ही मिस डाव्या बाजूला खाली गेले आहेत.

ह्यूस्टनचा_पाहुणा

उजव्या माणसाची गोळी डावीकडे खाली जात असेल, तर बहुतेक वेळा तो धक्का येण्याआधीच त्याला उत्तर देत असतो. चापाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते आणि नळी खाली दबते. मेव्हण्याला मॅगझिन भरायला सांगा आणि मधे कुठेही दोन-तीन स्नॅप कॅप घालायला सांगा, तुम्ही पाहू नका. खोट्या काडतुसावर चाप ओढला की डॉट जागच्या जागी राहिला पाहिजे.

घरी रोज पंधरा मिनिटे ड्राय फायर (गोळीविना सराव) करा. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून यायची, पिस्तूल दोनदा रिकामे तपासायचे, टायमर लावायचा आणि होल्स्टरमधून काढून पहिला नेम व चालता चालता मॅगझिन बदलणे, एवढेच करायचे.

मात्र वेगाच्या नादात एक विसरू नका. चालताना बोट चापाच्या कड्याबाहेर आणि नळी १८० अंशांच्या आत, म्हणजे कायम लक्ष्यांकडच्या अर्धवर्तुळात. डावीकडे पळताना मॅगझिन बदलणाऱ्या उजव्या माणसाची नळी मागे वळते आणि तो तिथेच स्पर्धेतून बाद होतो. मी स्वतः एकदा दोन तास गाडी चालवून गेलो आणि पहिल्याच स्टेजवर असा बाद होऊन दिवसभर इतरांच्या लक्ष्यांना टेप लावत बसलो.

कायद्याचे_बोला

मूळ लेखातील एका वाक्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. मेव्हणा कोणत्या व्हिसावर आहे, आणि तो नुसता सोबत येतो की गोळ्याही झाडतो?

चुकलेला_नेम

माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. तो एच-१बीवर आहे, अधूनमधून दोन-तीन मॅगझिन झाडतो. पिस्तूल माझेच असते, त्याच्या नावावर काही नाही. त्यात काय अडचण आहे?

कायद्याचे_बोला

अडचण मोठी आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूकच नव्हे, तर काडतूसही जवळ बाळगण्यास मनाई आहे. मालकी कोणाची, हा मुद्दा गौण ठरतो. माहीत असून त्याच्या हाती पिस्तूल देणे हा देणाऱ्याचाही गुन्हा आहे. याला अपवाद आहेत, आणि एच-१बीवाल्याच्या कामाचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो काढून आणि वकिलाला विचारूनच त्याने पिस्तुलाला हात लावावा. तोपर्यंत त्याच्याकडून मॅगझिनही भरून घेऊ नका. वरचा सल्ला त्यापुरता बाजूला ठेवा.

पुणेकर_७१

चांगली चर्चा. मला पुण्यात स्वसंरक्षणासाठी ९ मिमीचे पिस्तूल घ्यायचे आहे. अर्ज कुठे करावा?

हिशेबनीस

भारतात ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे, सामान्य नागरिकाला ते मिळत नाही. यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

चुकलेला_नेम

सर्वांचे आभार. मेव्हण्याला घरी ठेवले. तो रागावला आहे. आज शेजारच्या लेनमधील एका आजोबांनी मॅगझिनमध्ये स्नॅप कॅप घालून दिल्या. तिसऱ्या गोळीला स्फोट झालाच नाही, आणि माझ्या डोळ्यांदेखत डॉट काचेच्या खालच्या कडेतून नाहीसा झाला. आजोबा काही बोलले नाहीत, पुढचे मॅगझिन भरू लागले. पाचव्या मॅगझिनला डॉट बराचसा जागेवर राहिला. २०११चा विचार तूर्त रद्द केला आहे. एकच विचारायचे आहे : ड्राय फायरमध्ये मॅगझिन बदलण्यासाठी टायमर किती सेकंदांवर लावावा?

पळा_पळा

दोन सेकंदांवर लावा, आणि जमू लागले की रोज एक दशांश कमी करा.

हिशेबनीस

तीनवर लावा. मॅगझिन आत बसल्याचा आवाज आला की मगच मोजायचे.