‘घरची मंडळी’ ग्रुप: दादाचा गवत कापायचा ट्रॅक्टर दुरुस्त करायचा की विकायचा?

रविवार

दादा, पहाटे ५:१२
बाबा उठले असतील म्हणून आत्ताच टाकतोय. इकडे ओहायोत शनिवारची संध्याकाळ आहे. गवत कापायचा ट्रॅक्टर यंदा सुरूच होईना. हिवाळाभर शेडमध्ये उभा होता. नवीन बॅटरी टाकली, ४५ डॉलर गेले. किल्ली फिरवली की स्टार्टर अर्धा फेरा मारतो आणि अडकतो. पाचव्या-सहाव्या वेळी एकदा लागला, तर निळा धूर. गेल्या वर्षापासून ऑइलही पितोय. इथल्या एका दुकानात विचारलं. नेणं-आणणं धरून ८५० डॉलर, आणि चार आठवडे नंबर लागणार नाही. नवीन साधा, एका वेळी ४२ इंचांचा पट्टा कापणारा, घेतला तर २२०० च्या आसपास. आहे तसा बंद विकला तर २०० मिळतील. काय करू?

वहिनी, ५:२१
माझं मत विकायचं आहे. मशीन २००७ चं. २०१३ ला घराबरोबर आलं तेव्हाच जुनं होतं. दर एप्रिलमध्ये हेच चालतं आणि दोन शनिवार शेडमध्ये जातात. माणूस लावायचा हिशोबही केला मी. एका वेळचे ६० डॉलर, एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर २८ आठवडे, म्हणजे १६८०. तेही परवडत नाही. पण जुन्यात किती पैसे घालायचे याला कुठेतरी थांबा हवा ना.

आई, ५:३४
बाबांनी चालवला होता तोच का हा? आपण आलो होतो तेव्हाचा?

ताई, ६:०५
तोच गं. २०१६ चा उन्हाळा. पांढरी टोपी घालून तीन महिने दर शनिवारी बाबाच कापायचे. दादा, तो विकायचा म्हटलं की मला कसंतरीच होतंय.

काका, ६:१०
अरे पण आवार आहे तरी केवढं तुझं?

दादा, ६:१४
पाऊण एकर, म्हणजे ३० गुंठे काका. घर, रस्ता वगळून २५ गुंठे तरी गवतच आहे. मागचे ८ गुंठे ओढ्याकडे उतरतात, चांगला उतार आहे. मे महिन्यात आठवड्याला कापलं नाही तर हाताबाहेर जातं. आमच्या गावात ८ इंचांच्या वर गेलं की नोटीस येते.

बाबा, ६:२०
पैशाचं नंतर बघू. आधी मला सांग, त्याला झालंय काय? दुकानवाल्याने मशीन उघडून आकडा सांगितला की फोनवरच?

दादा, ६:२२
फोनवरच.

बाबा, ६:२३
मग तो आकडा सोड. प्लग काढ आणि वरची चक्ती हाताने फिरवून बघ. मोकळी फिरली तर पिस्टन जाम नाही. तेवढं करून सांग.

दादा, ६:५१
प्लग काढला. एकदम मोकळी फिरते. प्लग मात्र ऑइलने ओला आहे.

मी, ७:१५
दादा, तुझ्या इंजिनचं पुस्तक डाउनलोड करून वाचलं. एकच सिलिंडर, १७.५ हॉर्सपॉवर. आत कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, एक बारीक उंचवटा असतो. स्टार्टर फिरताना तो व्हॉल्व्ह केसभर उघडा ठेवतो, दाब थोडा निसटतो, म्हणून एवढासा स्टार्टर एवढं इंजिन फिरवू शकतो. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली, फट वाढली की तो उंचवटा व्हॉल्व्हला लागतच नाही. मग स्टार्टर पुऱ्या दाबावर आपटून थांबतो. तुझं लक्षण अगदी हेच आहे. बॅटरीचा दोष नव्हता.

बाबा, ७:२२
बरोबर. आपल्या विहिरीवरच्या ५ हॉर्सपॉवर डिझेल इंजिनला हेच काम आपण हाताने करायचो. हेडवरचा लिव्हर उचलायचा, दाब सोडायचा, हँडल मारून वेग घ्यायचा आणि मग लिव्हर पाडायचा. लिव्हर न उचलता हँडल मारलं तर गडी फिरायचा, इंजिन नाही. तुझ्या यंत्रात तो लिव्हर आतच बसवलाय, एवढाच फरक. टॅपेट सेट कर. फट मोजायचं फीलर गेज आहे का?

दादा, ७:२४
नाही. उद्या आणतो. माप किती?

मी, ७:२८
इनलेट ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७. पिस्टन दाबाच्या फेऱ्यात वर आणायचा आणि तिथून पाव इंच खाली सरकवून मग मोजायचं. अगदी माथ्यावर मोजलंस तर तो उंचवटा आडवा येतो आणि माप खोटं मिळतं.

बाबा, ७:३०
इंजिन पूर्ण गार असताना.

सोमवार

दादा, पहाटे ४:४०
झालं! दोन्ही फटी दुपटीहून जास्त होत्या. सेट केल्या आणि पहिल्या किल्लीला लागला. कव्हरचे चार बोल्ट, एक पाना आणि ९ डॉलरचं फीलर गेज. एवढ्यासाठी मी नवीन बॅटरी घेऊन बसलो होतो.

ताई, ५:५०
वा! म्हणजे विकायचा नाही ना आता?

दादा, ५:५५
धूर तसाच आहे गं.

बाबा, ६:०२
ऑइलची पट्टी बघितलीस? वर तर चढलं नाही? पेट्रोलचा वास येतो का त्याला? कार्बोरेटरची सुई गळकी असेल तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं.

दादा, ६:०९
पातळी खाली आहे, वर नाही. पेट्रोलचा वास नाही.

बाबा, ६:१५
मग बहुतेक दोनपैकी एक जागा. पिस्टनच्या रिंगा नाहीतर हेडची गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडरमधलं सील. हेड खोलल्याशिवाय कळायचं नाही. तुझ्याच्याने होईल. घाई करू नको, प्रत्येक बोल्ट कुठला ते कागदावर काढून ठेव.

वहिनी, ६:२०
बाबा, एक विचारू? उघडून रिंगा निघाल्या तर?

बाबा, ६:२३
रिंगा निघाल्या तर पुन्हा बंद करायचं आणि विकायचं, सूनबाई. त्या वयाच्या इंजिनात रिंगांचा खर्च घालू नये. तुमचं बरोबर आहे, थांबा हवाच. तो हा.

गुरुवार

दादा, पहाटे ५:०३
(फोटो) गॅस्केटच! फोटोत डावीकडे काळा पट्टा बघा. सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळ्यांची) खाच यांच्यामधली पट्टी अगदी अरुंद आहे, तिथेच फुटली आहे. सिलिंडरच्या भिंतीवर एक ओरखडा नाही.

मी, ५:४५
म्हणजे दाब तिथून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइलच्या डब्यात, जात होता. तो ऑइलला ब्रीदरच्या, म्हणजे आतली हवा सोडायच्या, नळीतून कार्बोरेटरकडे ढकलत होता आणि तेच जळून निळा धूर. गॅस्केट २२ डॉलर, ऑइल आणि फिल्टर २० च्या आत. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळ, एकदम नाही, तीन टप्प्यांत, समोरासमोरचे.

आई, ६:३०
छान केलंस रे बाळ. जेवलास का?

शनिवार

बंडूदादा (आयोवा), रात्री ८:१८
उशिरा बघतोय सगळं, माफ करा. काका, तुमची तपासणी बघून समाधान वाटलं. पण इंजिन हा या मशीनचा स्वस्त भाग आहे. अजून निर्णय घेऊ नका. माझा जुना गेला तो इंजिनने नाही, गिअरबॉक्सने. यात हायड्रोस्टॅटिक असतो. बदलायचे गिअर नसतात, ऑइलच्या दाबावर चाक फिरतं. आतला पंप झिजला की गार असताना ठणठणीत चालतो आणि गरम झाला की दाब धरत नाही. साध्या मशीनमध्ये हा डबा सीलबंद येतो, ऑइल बदलायचा बोल्टसुद्धा नसतो. अर्धा तास सपाटीवर काप, मग लगेच मागच्या उतारावर वर चढव. चढला तर तुझं मशीन चांगलं आहे.

रविवार

दादा, पहाटे ४:१५
बंडू, तुझं खरं ठरलं. धूर गेला, आवाज छान, पुढचं आवार एका दमात कापलं. मग मागे गेलो. अर्ध्या चढावर थांबला. इंजिन पूर्ण जोरात, चाक हलेना. तेवढ्यावर ठीक होतं, पण तो हळूहळू मागे सरकायला लागला. पार्किंग ब्रेक लावला तेव्हा थांबला.

बंडूदादा, ४:२२
तेच सांगणार होतो. यात ब्रेकचं कामही तोच डबा करतो. ओढायचं बंद झालं की धरायचंही बंद होतं. नवीन डबा ८०० च्या आसपास, मजुरी वेगळी. काढून, उलटा करून ऑइल बदलता येतं. मी केलं होतं, एक हंगाम निघाला. उतारावर मात्र मी त्याच्यावर भरवसा ठेवणार नाही.

वहिनी, ४:३१
मला आता खरंच भीती वाटते. मुलं खाली ओढ्याशीच खेळत असतात. त्या पात्याचं टोक ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. इथले बालरोगतज्ज्ञ १६ वर्षांच्या आतल्या मुलांना यावर बसूच देऊ नका म्हणतात, मांडीवर घेऊनही नाही.

बाबा, ६:००
सूनबाई, २०१६ ला मी नातीला मांडीवर घेऊन फेरी मारली होती. फोटोही आहे. ते चुकलंच माझं. शेतात आम्ही ट्रॅक्टरवर पोरं बसवत आलो, म्हणून डोक्यात आलं नाही. तिथेही बसवायला नको होती.

आई, ६:०८
मीच म्हटलं होतं बसवा म्हणून.

काका, ६:४०
मग आता विकायचाच. इंजिन नवं केलंय, आवाज छान आहे. सुरू करून दाखव आणि ६५० सांग. गार असतानाच दाखव, म्हणजे प्रश्न नको.

बाबा, ६:४४
नाही. ते आपल्याकडून व्हायचं नाही. तुला आठवत नाही, तू लहान होतास. आपण बाजारातून जुनं इंजिन आणलं होतं. ब्लॉकला चीर होती, लांबी भरून वर रंग दिलेला. आठव्या दिवशी पाणी ऑइलमध्ये. त्या साली दोन एकर ऊस डोळ्यांदेखत वाळला. घेणारा कोण असेल, त्याच्या घरी उतार असेल, पोरं असतील. सांगून विकायचं, पैसे कमी आले तर येऊ दे.

काका, ६:५२
बरोबर आहे दादा. मी तेवढा विचार केला नव्हता.

दादा, ७:०१
मी जाहिरातीत सरळ लिहितो. ‘इंजिन दुरुस्त, पट्टा आणि पाती ठीक. गरम झाल्यावर चढावर ओढत नाही. फक्त सपाट जागेसाठी.’ ३५० तरी येतील. एप्रिल आहे, आत्ताच गिऱ्हाईक असतं, शरदात कुणी विचारत नाही.

वहिनी, ७:२०
मघापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. जाहिरातीत आपण लिहिणार, फक्त सपाट जागेसाठी. पुढची १७ गुंठे जागा सपाटच आहे ना आपली? तिथे याला काहीच अडचण नाही. अडचण मागच्या ८ गुंठ्यांची. मग ते आपण कापतो तरी कशाला? तिथे कुणी बसत नाही, खेळत नाही. पाऊस झाला की माती ओढ्यात जाते ती वेगळीच. मशीन बदलायचं की नाही यावर आठवडाभर बोलतोय आपण, पण कापायची जागाच कमी केली तर?

ताई, ७:२६
वहिनी!

बाबा, ७:३१
लाख बोललात. आपण बांध कधी कापून गुळगुळीत करतो का? बांधाचं गवत ठेवायचंच असतं, ते माती धरतं. तिथे वाळा लावा, मुळं पुरुषभर खोल जातात.

वहिनी, ७:३८
वाळा इथल्या थंडीत तगणार नाही बाबा. पण इथलं मूळचं गवत आहे, लिटल ब्लूस्टेम नावाचं. तेही खोल मुळांचं आणि हिवाळ्यात तांबूस होतं, सुंदर दिसतं. मधे इथलीच पिवळी आणि जांभळी रानफुलं. पहिली दोन वर्षं तण काढावं लागेल, ते मी करते. मला आवडतं ते काम.

दादा, ७:४१
आणि ८ इंचांचा नियम?

मंगळवार

दादा, संध्याकाळी ७:३०
गावाच्या ऑफिसला फोन केला. लावलेला ताटवा असेल आणि कडा आखलेली असेल तर तो लॉनमध्ये धरत नाहीत. लेखी ईमेलही मागवून घेतला. आणि जाहिरात टाकली नाही. एकूण खर्च, बॅटरी, गॅस्केट, ऑइल, फिल्टर, गेज धरून ९६ डॉलर. बंडूने सांगितलंय तसं गिअरबॉक्सचं ऑइल हिवाळ्यात बघेन. तोपर्यंत फक्त पुढे. शनिवारी ही उताराच्या माथ्यावर खुंट्या ठोकून दोरी बांधणार आहे, मशीन त्याच्या पलीकडे जाणार नाही.

बंडूदादा, ७:४४
ऑक्टोबरमध्ये शेवटचं कापून झालं की टाकीत पेट्रोल टिकवायचं स्टॅबिलायझर घाल किंवा पेट्रोल संपवूनच ठेव. इथल्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि हिवाळाभरात कार्बोरेटरचा बारीक जेट बुजतो. पुढच्या एप्रिलचं दुखणं तिथेच टळेल.

आई, ८:०२
फुलं लागली की फोटो टाका गं.

बाबा, ८:१०
डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या पत्र्याच्या, खालचं जुनं गवत खरवडलंस का? ओलं चिकटून राहिलं की पत्रा सडतो.

दादा, ८:११
नाही बाबा. उद्या करतो.

बाबा, ८:१२
प्लगची वायर काढून मग हात घाल.