सल्ला हवा: आठवी-नववीच्या मुलांना मॅक्स मार्टिन कसा ऐकवावा?

पेटीवाली ताई, अंबाजोगाई
नमस्कार मंडळी. मी अंबाजोगाईजवळच्या एका शाळेत संगीत शिकवते. शनिवारी दप्तराविना शाळा असते, तेव्हा मला सलग दोन तास मिळतात. मुलं मोबाईलवर इंग्रजी गाणी खूप ऐकतात, गाणाऱ्यांची नावं तोंडपाठ आहेत. पण ते गाणं आधी कुणीतरी रचतं आणि स्टुडिओत कुणीतरी उभं करतं, हे त्यांच्या गावीही नाही. म्हणून इंग्रजी गाणी रचणारा आणि स्टुडिओत उभी करणारा स्वीडनचा निर्माता मॅक्स मार्टिन याच्यावर बोलायचं ठरवलंय. सुरुवात कुठून करू? वर्गात शब्द चालतील अशी गाणी कोणती? पेटीवर काय दाखवता येईल? शाळेत एक पेटी, एक ढोलकी आणि एक बरा स्पीकर आहे.

परभणीकर
ताई, १९९८ पासून सुरू करा. 'बेबी वन मोअर टाइम' आधी टीएलसी या गटाला देऊ केलं होतं, त्यांनी नको म्हटलं, मग ते सोळा वर्षांच्या ब्रिटनी स्पिअर्सकडे गेलं आणि जगभर गाजलं. मुलं कान टवकारून ऐकतील.

कीबोर्ड, नांदेड
परभणीकर दादा, गोष्ट भारी आहे, पण ते शब्द आठवीच्या वर्गाला नकोत. शिवाय तिथून सुरू केलं की मुलांना वाटणार, एका रात्रीत नशीब फळफळलं. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो, नवी पोरं येतात ती हेच डोक्यात घेऊन येतात. ताई, तुम्ही त्याच्या आधीची वर्षं सांगा.

त्याचं खरं नाव कार्ल मार्टिन सँडबर्ग, जन्म १९७१, स्टॉकहोमच्या परिसरातला. स्वीडनमध्ये नगरपालिका मुलांसाठी संगीतशाळा चालवतात. तिथे हा पोरगा फ्रेंच हॉर्न हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शिकला. आपलं जे काही झालं ते या सार्वजनिक संगीतशिक्षणामुळे, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलंय. घरात मोठ्या भावाच्या किस बँडच्या कॅसेट वाजायच्या. मग शिक्षण अर्धवट सोडून तो 'इट्स अलाइव्ह' नावाच्या मेटल बँडमध्ये गायला लागला. बँड काही चालला नाही, पण त्यातून त्याची गाठ डेनिझ पॉपशी पडली.

डेनिझ हा मूळचा डीजे. वाद्य वाजवण्यात तो वाकबगार नव्हता, पण कोणत्या ठेक्याला लोक उठून नाचतील याचा त्याचा कान पक्का होता. 'मॅक्स मार्टिन' हे नावही त्यानेच ठेवलं. त्याच्या चेरॉन स्टुडिओत मार्टिनने दोनेक वर्षं रात्रंदिवस नुसतं शिकण्यात घालवली, कारण निर्माता नेमकं काय करतो हेही तेव्हा त्याला माहीत नव्हतं. ऑगस्ट १९९८ मध्ये डेनिझ कर्करोगाने गेला, अवघ्या ३५ व्या वर्षी. ब्रिटनीचं गाणं बाहेर पडून गाजलं ते त्यानंतर. परभणीकर दादांची गोष्ट इथे सांगितली की तिचं वजन कळतं.

पुढचं भरभर सांगा. २००० मध्ये चेरॉन बंद झाला. २००४ च्या 'सिन्स यू बीन गॉन'मध्ये त्याने गिटार पुढे आणली, २०१६ मध्ये स्वीडनचा पोलर संगीत पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेली त्याची गाणी २५ च्या वर आहेत.

वर्गासाठी 'रोअर' (२०१३), 'शेक इट ऑफ' (२०१४) आणि 'कान्ट स्टॉप द फीलिंग' (२०१६). जास्त वेळ 'शेक इट ऑफ'ला द्या. अख्खं गाणं तीन कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम दाबलेले तीन सूर) चालतं आणि तिन्ही तुमच्या पेटीवर पांढऱ्या पट्ट्यांतच बसतात: आधी पांढरी सहा-एक-तीन, मग एक-तीन-पाच, मग पाच-सात-दोन. शेवटचा कॉर्ड जास्त वेळ धरायचा. तुम्ही हेच फिरवत राहा, ढोलकीवाल्याला चालता ठेका धरू द्या, आणि मुलांना कडवं नि ध्रुवपद आलटून पालटून गाऊ द्या. खालचं काहीच बदलत नाही, तरी ध्रुवपद आलं की अंगात येतं. कडव्यात शब्द दाटीने येतात आणि ध्रुवपदात ओळीओळीला एखादा शब्द पुन्हा पुन्हा ठोकला जातो, सगळी जादू त्या फरकात आहे. हे ऐकून कळत नाही, गाऊन कळतं.

दुसरी गोष्ट अक्षरांची. सूर आधी ठरतो आणि ओळीतली अक्षरं त्यात मोजून बसवायची, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्याच्यासोबत लिहिणाऱ्या बॉनी मॅकी यांनी हे सांगितलंय. आपल्या मुलांना हे अवघड जाणार नाही. जनाबाई गंगाखेडच्या, नामदेव नरसीचे, मुलांना अभंग पाठ असतात. सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं बोटांवर मोजायला लावा आणि मग त्याच मापाची एक ओळ त्यांना स्वतः लिहू द्या.

लातूरची आई
कीबोर्ड दादांचं पटलं, फक्त अभंगाची जोड मापापुरतीच ठेवा. मार्टिनकडे अर्थ मागे पडलेला चालतो. बॅकस्ट्रीट बॉईजनी गायलेल्या त्याच्या 'आय वाँट इट दॅट वे'च्या ओळी एकमेकींना धरून नाहीत. अर्थ लागेल अशी दुसरी आवृत्तीही झाली होती, पण गाणाऱ्यांनी पहिलीच ठेवली. जनाबाईंच्या ओळीतून अर्थ काढला तर काय उरेल? मुलांना हा फरक जरूर दाखवा.

आणि एक विनंती. संगीतशाळेचा भाग पालकांच्या कानावरही घाला. आमच्याकडे नववी लागली की पहिला क्लास बंद होतो तो पेटी-तबल्याचा, कारण नीटची तयारी. माझी मुलगी गांधर्वच्या परीक्षा देत होती, तिच्या मैत्रिणींमध्ये आता ती एकटीच उरलीय. नगरपालिकेने मुलाच्या हातात हॉर्न दिला आणि पुढे काय झालं, हे आई-बापांनी ऐकायला हवं.

पेटीवाली ताई, अंबाजोगाई
सगळ्यांचे मनापासून आभार. हॉर्नपासूनच सुरू करते, आणि शेवटच्या अर्ध्या तासाला पालकांना बोलावते. तिन्ही कॉर्ड आत्ता वाजवून पाहिले. पण मूळ गाणं स्पीकरवर लावून सोबत पेटी धरली की जरा बेसूर लागतंय. माझा हात चुकतोय का?

कीबोर्ड, नांदेड
हात बरोबर आहे. जुनी पेटी असेल तर ती ४४० हर्ट्झला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या नेहमीच्या सुराला, लावलेली नसणार. मोबाईलवर ट्यूनर (सूर मोजणारं अ‍ॅप) उतरवून पांढरी सहा दाबून बघा. फरक निघाला तर मूळ गाणं आधी ऐकवा, ते बंद करा आणि मग पेटीवर घ्या. दोन्ही एकत्र वाजवू नका.