ज्युदो ऑलिंपिकला गेला, मर्दानी खेळ का नाही?

प्रश्न: मी कोल्हापूरचा. लहानपणापासून लाठी, दांडपट्टा फिरवतो. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, तुमच्यात जिंकतं कोण?" मला उत्तर सुचेना. ज्युदो, तायक्वांदोसारखं आपलं का झालं नाही?

उत्तर १: मुलीनं नेमकं विचारलं! मी पंधरा वर्षं ज्युदो शिकवतोय. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले धोकादायक वार फक्त 'काता'त, म्हणजे ठरलेल्या हालचालींत ठेवले. फेकणं आणि दाबून धरणं मात्र खऱ्या झुंजीसाठी ठेवलं. त्यामुळे समोरच्याला पूर्ण जोर लावून पाडा, तो उठून परत उभा राहतो. हे जमलं की गुण मोजता येतात. शिवाय कानो पेशानं शिक्षक, आणि १९०९ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य. १९६४ ला तोक्योत ज्युदो आला आणि खुल्या (वजनाची अट नसलेल्या) गटाचं सुवर्ण डच खेळाडू अँटोन गेसिंकनं नेलं. जपानला ते फार लागलं, पण माझ्या मते ज्युदो जगाचा झाला तो त्याच दिवशी.

उत्तर २: यजमानपदाचाही भाग असतो. कोरियाचा तायक्वांदो १९८८ ला सोलमध्ये आधी प्रदर्शनीय खेळ होता, पदकं २००० ला सिडनीत. कराटे मात्र २०२० च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये आला आणि पुढच्याच पॅरिसला वगळला गेला.

प्रश्नकर्ता: म्हणजे आमच्याकडे फरी-गदका आहेच की! जोडीत खेळतात, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ढाल असते. पंजाबच्या गतक्याचे, म्हणजे तिकडच्या काठी-ढालीच्या खेळाचे, गुण मोजतात तसे याचेही मोजता येतील. रविवारी आखाड्यात वस्तादांपुढे विषय काढतो.