लसी लांबवल्या, आता शाळेने लसीकरणाचं कार्ड मागितलंय

सानूची_आई:
मुलगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. सहा महिन्यांपर्यंतच्या लसी सगळ्या वेळेवर झाल्या, पण तिसऱ्या डोसनंतर रात्रभर ताप, मांडी सुजून लाल, ती रडत होती आणि मी तिला खांद्यावर घेऊन पहाटेपर्यंत फेऱ्या घालत होते, तेव्हाच ठरवलं की जरा मोठी होऊ दे मग पुढचं बघू. बघू बघू करत इतकी वर्षं गेली. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) नाही, कांजिण्यांची नाही, बूस्टर एकही नाही. आता शाळेने कार्ड मागितलंय आणि हातात दहाच आठवडे आहेत. सगळं परत पहिल्यापासून करावं लागतं का? एका दिवशी दोन-तीन सुया टोचलेल्या तिला झेपतील का? खरं सांगायचं तर डॉक्टरांकडे जायचीच लाज वाटतेय.

मुग्धा_लिहिते:
परत पहिल्यापासून अजिबात नाही. घेतलेले डोस फुकट जात नाहीत, मधे कितीही गॅप पडला तरी जिथे थांबलात तिथूनच पुढे चालू होतं. पण उलटं मात्र चालत नाही, म्हणजे दोन डोसमधलं कमीत कमी अंतर पाळावंच लागतं, शाळेची घाई आहे म्हणून ते कमी करता येत नाही. एमएमआरच्या दोन डोसमधे निदान २८ दिवस हवेत. एमएमआर आणि कांजिण्यांची दोन्ही जिवंत लसी आहेत, म्हणजे त्यात कमकुवत केलेला जिवंत विषाणू असतो, त्या एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मग मधे २८ दिवस थांबायचं. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरी असं करायला गेलात तर तो डोस धरतच नाहीत, तो नंतर परत द्यावा लागतो. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही हातांना घेऊन टाका. कांजिण्यांच्या दुसऱ्या डोसला बऱ्याच ठिकाणी तीन महिने थांबवतात, तो शाळा सुरू होईपर्यंत होणार नाही कदाचित, पण पुढची तारीख लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र बऱ्याच शाळा चालवून घेतात, शाळेत आधीच विचारून ठेवा.

आणि हो, उशीर झाल्यामुळे काही डोस कमीही होतात. डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वाताचा चौथा डोस चार वर्षांनंतर झाला तर पाचवा बऱ्याच वेळापत्रकांत लागत नाही. तुमचं नेमकं काय ते डॉक्टर कार्ड बघून सांगतील.

रातराणी७:
लाजेचं म्हणालात म्हणून लिहितेय. आम्हीही मोठ्याचे बूस्टर असेच लांबवले होते. त्याला खोकला झाला, आम्हाला वाटलं साधाच असेल. धाकटी तेव्हा सात आठवड्यांची, तिचा पहिला डोस व्हायचा होता. इतक्या लहान बाळाला डांग्या खोकल्यात तो ओढून घेतल्यासारखा आवाज येतोच असं नाही, ती खोकलीच नाही धड, नुसती गप्प झाली आणि ओठांभोवती निळं पडायला लागलं, मी तिची पाठ चोळतेय आणि श्वास येत नाहीये. किती सेकंद गेले कळलं नाही. अकरा दिवस दवाखान्यात होतो. आज ठणठणीत आहे, पण मोठ्याकडून तिला गेला हे मी अजून विसरले नाहीये. तुम्ही जा, डॉक्टर रागावले तर दोन मिनिटं रागावतील.

पाऊसवेडा:
मला एक कळत नाही, इतक्या लसी एकदम दिल्या तर प्रतिकारशक्तीवर ताण नाही का येत? आणि एमएमआर आणि ऑटिझमचं काय? थोडं थांबून दिलं तर बिघडतं कुठे?

मुग्धा_लिहिते:
@पाऊसवेडा, ऑटिझमची भीती वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरच्या १९९८ च्या एका पेपरमुळे पसरली, त्यात फक्त १२ मुलं होती. २०१० मधे तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाने तो पेपर मागे घेतला आणि वेकफिल्डचं लायसन्सही गेलं. नंतर डेन्मार्कमधे साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, २०१९ मधे आला, काहीही संबंध सापडला नाही. ताणाचं म्हणाल तर पूर्वीच्या एकट्या देवीच्या लसीत प्रतिकारशक्तीला ओळखावी लागणारी जवळपास २०० प्रोटीन्स होती, आजच्या लहानपणीच्या सगळ्या लसी मिळून तेवढी होत नाहीत.

थांबून बिघडतं ते असं की तेवढे सगळे दिवस मूल उघडं असतं. गोवराचा पेशंट खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, म्हणजे आजारी मूल तुम्हाला दिसलेलंही नसतं. आणि एमएमआरचा पहिला डोस १५ महिन्यांच्या पुढे नेला तर त्यानंतर तापात झटका येण्याची शक्यता उलट वाढते असं दिसलंय. तो दीड-दोन वर्षांच्या आसपासचा धोका आहे, सानूच्या आईने आता त्याची धास्ती घेऊ नये.

सानूची_आई:
रातराणी, तुमचं वाचून हात थरथरले. आत्ताच फोन केला, गुरुवारी सकाळची वेळ मिळालीये. जुनं कार्ड कपाटात सापडलं, तिसऱ्या डोसची तारीख पुसट झालीये पण वाचता येतेय. एमएमआरनंतर ताप त्याच रात्री येतो का? म्हणजे त्या दिवशी सुट्टी टाकते.

मुग्धा_लिहिते:
बूस्टरचा एक-दोन दिवसांत येतो, हातही सुजू शकतो. एमएमआरचा आला तर साधारण सहा ते बारा दिवसांनी, कधी अंगावर थोडं पुरळही येतं, तेव्हा दुसरं काहीतरी झालं म्हणून घाबरू नका. सुट्टी टाकायची तर शुक्रवारची टाका. आणि निघायच्या आधी कार्डाचा फोटो काढून ठेवा.