मदत हवी आहे: रविवारची उपासना चालवायचीय, गीतं कशी लावू?

सलाम मंडळी,

कोल्हापुरात राहतो, शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. आमची चर्चची मंडळी लहान, नाताळ सोडला तर साठ-सत्तर माणसं. पाळकसाहेबांकडे (पास्टरांकडे) खेड्यांतल्याही मंडळ्या आहेत, त्यामुळे अधूनमधून एखादा रविवार ते इथे नसतात. अशा वेळी एरवी वडीलजनांपैकी (मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांपैकी) कुणीतरी उपासना चालवून नेतं. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते काम माझ्याकडे आलंय. उपदेश एक निवृत्त शिक्षक करणार आहेत, बाकी पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत सगळं मी.

तरुण संघात गिटार वाजवतो, चार लोकांत गायला लाजत नाही. (अल्लादिया खाँसाहेबांच्या गावात राहून हे लिहिताना कानाला हात लावतो.) अडचण गाण्याची नाहीच. तरुण संघ कीबोर्ड आणि ड्रमपॅडवर हिंदी कोरस (छोटी स्तुतिगीतं) घेतो, तेव्हा निम्मी मंडळी हाताची घडी घालून ऐकते. पेटी-तबल्यावर जुनं भजन सुरू झालं की मागच्या बाकावरची पोरं मोबाईल काढतात. पहिल्या बाकावर एक आजी बसतात, त्यांच्या गीतांच्या पुस्तकाची शिवण सुटलीय, रबर लावून आणतात. त्या रबर काढून पान शोधेपर्यंत आमचं पहिलं कडवं संपलेलं असतं. दुसऱ्या कडव्याला त्या पुस्तक मिटून ठेवतात.

तर विचारायचंय ते असं. एका तासाच्या उपासनेत किती गीतं? जुनी-नवी कशी मिसळू? मध्ये बोलावं का, बोललो तर किती? प्रार्थना लिहून नेली तर लोक नाव ठेवतील का? आणि शेवटचा आशीर्वाद मी द्यायचा की नाही, यावर घरातच दोन मतं पडलीत.

पेटी वाजवणारे काका म्हणाले, 'तू पट्टी सांग, मी धरतो.' मला तीही नीट सांगता येईना.

---

पेटीवाला_मिरज

पट्टीपासूनच सुरू करतो, कारण निम्मं भांडण तिथेच मिटतं. गिटारवाले लोक कॉर्ड सोपे पडतात म्हणून गाणं जी-मध्ये ठेवतात आणि मग वरच्या ओळीला मंडळी गप्प होते. उलट्या क्रमाने जा. गीतातली सगळ्यात उंच ओळ कोणती ते आधी बघा, मग पट्टी ठरवा, कॉर्ड शेवटी शोधा. पांढरी एक (म्हणजे गिटारवाल्यांचा सी) हा सा धरून मोजलं तर सर्वसाधारण माणसाचा गळा खालच्या ध-पासून वरच्या रे-पर्यंत आरामात चालतो. एखादी ओळ वरच्या ग-ला जाऊन आली तर हरकत नाही. अख्खं कडवं तिथे रेंगाळलं की माणसं नुसते ओठ हलवतात. सकाळी नऊ वाजता तर गळे आणखी खाली असतात.

ठरवताना घरातल्या एका बाईला आणि एका पुरुषाला बरोबर गायला लावा. तुम्हाला एकट्याला झकास वाटणारी पट्टी बायकांसाठी बहुधा अधांतरी असते, ना वर ना खाली.

दुसरं, सगळी जुनी गीतं एका लयीत ढकलू नका. परदेशी चालींवर बसवलेली गीतं वेगळी आणि भजनं वेगळी. कवी ना. वा. टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन आले ते अभंग-ओवीचा कान बरोबर घेऊनच. त्यांच्या वळणाच्या भजनाला टाळ आणि तबला लागतो. ड्रमपॅडचा ठेका त्यावर चढवलात की भजन लंगडतं. परदेशी चालीच्या गीताला मात्र तुमचा कीबोर्ड शोभेल, तिथे तबला गप्प ठेवा. वाद्यं गीताप्रमाणे बदलली तर दोन्ही बाजूंना आपलं काहीतरी मिळतं.

---

रांगडा_पन्हाळा

भावा, मी ख्रिस्ती न्हाई, पण आमच्या गावात भजनी मंडळ चालवतो, म्हणून चार शब्द. तुझा विषय आमच्याकडंबी हाय. बुवा लई चांगला गाणारा असला की लोक ऐकत बसत्यात, म्हणत कोण न्हाई. आम्ही काय करतो, झील धरणारी, म्हंजे बुवाच्या मागनं म्हणणारी, दोन खणखणीत गळ्याची माणसं म्होरं न बसवता लोकांत बसवतो. एक बायकांच्यात, एक पुरुषांच्यात. कानाजवळ कुणीतरी म्हणतंय म्हटल्यावर शेजारचा आपोआप तोंड उघडतोय. आणि तू ध्रुवपद सुरू करून दिलंस की माईकपासनं एक पाऊल मागं सर. तुझाच आवाज सगळीकडं घुमाय लागला तर बाकीच्यांनी म्हणायचं कशाला?

---

जुना_वडीलजन (अहिल्यानगर)

सलाम. आमच्याकडे पाळक नसताना मी बरीच वर्षे उपासना चालवली, त्यावरून लिहितो. तुमच्या मंडळीची रीत थोडी वेगळी असू शकते, म्हणून पाळकसाहेबांना एकदा दाखवून घ्या.

तासाभरात चार गीते पुरतात. पाचवे घेतले की उपदेशाची वेळ खाल्ली जाते, आणि उपदेशक निवृत्त शिक्षक असतील तर ते आपला तास पूर्ण घेणारच.

सुरुवात 'गुड मॉर्निंग, कसे आहात सगळे' ने करू नका, वचनाने करा. बायबलमधले 100 वे स्तोत्र पाच ओव्यांचे (वचनांचे) आहे, एक ओवी तुम्ही आणि एक मंडळीने अशी आळीपाळीने वाचा. लगेच स्तुतीचे गीत, जे सगळ्यांना पाठ आहे असेच. त्यानंतर पापकबुलीची प्रार्थना, आणि तिच्यानंतर क्षमेचे वचन वाचायला विसरू नका. 1 योहान 1:9 चालेल. नवीन लोक कबुली घेतात आणि थेट पुढच्या गाण्यावर उडी मारतात, मंडळी कबुलीतच लटकत राहते. मग शास्त्रवाचन, गीत, उपदेश. उपदेशानंतरचे गीत विषयाला धरून हवे, म्हणून शिक्षकांना आजच फोन करून उतारा विचारा. त्याच गीतात दानार्पण घ्या, शेवटी मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि समारोपाचे गीत.

नवे कोरस घ्यायचे तर एकच, आणि ते दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या गीताने गळे उघडलेले असतात, तेव्हा खपते. उपासनेआधी दहा मिनिटे, लोक येऊन बसत असताना, तेच एकदोनदा वाजवून ठेवा. चाल कानावर पडलेली असली की ज्येष्ठ मंडळीही धरतात.

तुमच्या त्या आजींसाठी: गीताचा क्रमांक दोनदा सांगा, मग पहिली ओळ वाचा, मग पेटीवर पूर्ण ध्रुवपद एकदा वाजू द्या. तेवढ्यात पान सापडते.

आशीर्वादाचे म्हणाल तर हात उंचावून मंडळीवर आशीर्वाद उच्चारणे आमच्या परंपरेत दीक्षित पाळकाचेच काम. इतरांनी 2 करिंथ 13:14 मधले कृपेचे वचन सर्वांनी मिळून म्हणावी, आणि 'तुम्हा सर्वांबरोबर' याऐवजी 'आपणा सर्वांबरोबर' म्हणावे. घरातली दोन्ही मते यात बसतील.

---

स्लाईडवाली

प्रोजेक्टर लावणार असाल तर शनिवारीच चर्चच्याच लॅपटॉपवर उघडून बघा. घरी कृतिदेवमध्ये टाईप केलेलं गाणं तिथे फॉन्ट नसला की अगम्य चिन्हांची रांगोळी होऊन पडद्यावर येतं. युनिकोडमध्ये टाईप करा. एका स्लाईडवर चारच ओळी, आणि ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत टाका, नाहीतर स्लाईड मागे-पुढे करणारं पोरगं गोंधळतं. गीताचा क्रमांक कोपऱ्यात लिहा, म्हणजे पुस्तकवाले आणि पडदावाले दोघेही खूश.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पन्हाळ्याच्या दादांचं लगेच अमलात आणलं, बहीण आणि वॉचमनकाका झील धरायला तयार झालेत. काकांचा आवाज असा आहे की माईकची गरज मलाच पडेल.

पेटीवाल्या काकांबरोबर बसून चारही गीतं लावून बघितली. जे कोरस आम्ही डी-मध्ये घ्यायचो ते बी-फ्लॅटवर आणलं, काकांच्या भाषेत काळी पाच. आई पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर गायली. जुन्या भजनाला ड्रमपॅड बंद ठेवायचं पोरांना सांगितलंय, तोंडं वाकडी झाली पण झालं.

अजून दोन गोष्टी. प्रार्थनेचं कुणी बोललं नाही. आणि आमचं छप्पर पत्र्याचं आहे, पावसाचा जोर असला तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तेव्हा काय करता?

---

जुना_वडीलजन (अहिल्यानगर)

प्रार्थना जरूर लिहून न्या, पण वाक्ये लिहू नका, मुद्दे लिहा: देश, शहर, मंडळी, आजारी, शोकात असलेले. उभ्या उभ्या सुचते त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येते आणि 'प्रभू, प्रभू' ची भर पडते. आजाऱ्याचे नाव घ्यायचे असेल तर आधी घरच्यांना विचारा. काय आजार आहे ते माईकवर सांगायची गरज नाही, देवाला ठाऊक आहे आणि शेजाऱ्यांना कळायला नको असते. पाच मिनिटांच्या आत आटपा, ज्येष्ठ मंडळी उभी असतात.

गीतांच्या मध्ये एका वाक्यापेक्षा जास्त बोलू नका. उपदेश करायला माणूस आहे.

---

पेटीवाला_मिरज

पत्रा आमच्याकडेही आहे. जोराची सर आली तर गीत अर्धवट सोडू नका, लय थोडी सावकाश करा आणि पेटीचा भाता जोरात मारा. पेटीला माईक द्या, गिटारला नको, पावसात गिटार हरवते. शास्त्रवाचनाच्या वेळी सर आली तर वाचणाऱ्याला थांबवून एक भजन घ्या आणि सर ओसरल्यावर वाचा, कुणी काही म्हणत नाही.

आणि सूचना सगळ्या शनिवारी एका कागदावर लिहून घ्या. रविवारी 'आणखी एकच सूचना आहे' म्हणत पुढे येणाऱ्याच्या हातात माईक देऊ नका.