मदत हवी आहे: सायकलसाठी पातळ पॅडची किंवा बिनपॅडची शॉर्ट्स (सातारा)

माहुलीकाठ

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते, वय ४९. दोन वर्षं नेमाने सायकल चालवते. सायकल हायब्रिड, सरळ हँडलची. आठवड्यातून चार दिवस सकाळी १५ ते २५ किलोमीटर होतात. कधी संगम माहुली, कधी कोरेगावचा रस्ता, रविवारी यवतेश्वरचा घाट. कासपर्यंत वर्षातून दोन-तीनदाच जाते.

सायकल घेतली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं म्हणून जाड जेल-पॅडची शॉर्ट्स घेतली. पहिले पाच-सहा किलोमीटर बरं वाटतं. मग पॅड सरकायला लागतं, मधोमध गोळा होतं आणि जांघेत काचतं. यवतेश्वर चढताना वेग कमी, सगळा भार सीटवर, त्यात घाम. निम्म्या घाटात पॅड भिजून जड होतं आणि वर चहाला थांबले की गार पडतं. परतताना मंडईत उतरून भाजी घ्यायची असते. वरून लांब कुर्ता असला तरी ते पॅड घेऊन चालताना फार अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यात वाईट पावसाळा. जुलैत आपल्याकडे साधा टॉवेल वाळत नाही, तिथे या पॅडचं काय सांगावं? गेल्या वर्षी थोडं दमट असतानाच घातलं, पुरळ उठलं आणि दहा दिवस सायकल भिंतीला टेकून राहिली. त्या दहा दिवसांचं मला खरंच वाईट वाटलं, कारण सकाळचा तो तास फक्त माझा असतो.

दुकानात विचारलं की उत्तर एकच: "ताई, याच्यापेक्षा जाड घ्या." मला जाड नकोच आहे. परवा घरातली योगाची लेगिंग घालून कोरेगावच्या रस्त्याला गेले. पॅड नाही म्हणून काही दुखलं नाही. पण लेगिंगच्या आसनात, म्हणजे दोन पाय जुळतात तिथे, मधल्या शिवणी जिथे एकत्र येतात ती गाठ नेमकी नको तिथे टोचली, घरी आल्यावर पाहिलं तर कातडी लाल झालेली.

तर बिनपॅडची किंवा अगदी पातळ पॅडची शॉर्ट्स कुणी वापरतं का? घेताना काय बघायचं? साताऱ्यात नाही मिळाली तर पुण्याला जाईन. ऑनलाइन मागवायचं धाडस होत नाही, कापड आणि शिवण हाताने बघायची आहे. बायकांनी लिहिलं तर जास्त बरं, पण कुणीही लिहा.

घाटवाट

ताई, मी कराडचा. शॉर्ट्सकडे नंतर येऊ. सीट कोणती आहे? वर जेलचं कव्हर आहे का?

माहुलीकाठ

हो, आहे. सायकलबरोबरच घेतलं होतं.

घाटवाट

मग ते आधी काढा. बसताना आपला भार ढुंगणाच्या दोन हाडांवर यायला हवा. मऊ कव्हर आणि त्यावर जाड पॅड, दोन्ही एकत्र आले की हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग वर उचलला जाऊन तिथेच दाबतो. मुंग्या येतात त्या त्यामुळेच. घट्ट सीट पहिले आठ-दहा दिवस कडक वाटते, पण मापाची असेल तर पुढे तिचा त्रास होत नाही.

माप घरीच निघतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा सपाट स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, टाचा थोड्या उचला आणि किंचित पुढे वाका. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटतील. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात दोन-तीन सेंटिमीटर मिळवा, साधारण तेवढ्या रुंदीची सीट लागते. तुमची बैठक सरळ आहे, म्हणून थोडी रुंदच बरी.

अजून एक, सीट फार उंच असेल तर पेडल गाठायला कंबर डावी-उजवीकडे हलते. मग शॉर्ट्स कितीही चांगली असो, घासणारच. कुणाला तरी मागून बघायला सांगा.

दोनशेवाला

मी ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मर्यादा असते, तिथे मी चांगल्या पॅडची बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली शॉर्ट्सच घालतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. पण २५ किलोमीटरला त्याची गरज नाही. रोज कामावर सायकलने जातो तेव्हा मी स्वतः ट्रायथलॉनची शॉर्ट्स घालतो.

ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल, पळणं हे सगळं एकाच कपड्यात करायचं असतं. म्हणून तिच्यात फोम नसतो, फ्लीससारखा पातळ थर असतो. पाणी धरून ठेवत नाही, पटकन वाळतो आणि पायांत काही अडकल्यासारखं वाटत नाही. तुमची मंडईची आणि पावसाळ्याची, दोन्ही अडचणी तिथे सुटतील असं वाटतं. दुकानात 'सायकलिंग' न म्हणता 'ट्राय शॉर्ट्स' म्हणून विचारा, नाहीतर पुन्हा जाडच दाखवतील. पुण्यात डेकॅथलॉनमध्ये घालून बघता येईल. घातल्यावर उभं राहून ठरवू नका, वाकून बसून बघा.

पूर्वी सायकलपटूंच्या लोकरीच्या चड्डीला आतून शॅमी नावाच्या डोंगरी प्राण्याचं कातडं लावत. अजून पॅडला शॅमी म्हणतात ते त्यामुळे. ते कातडं गादीसाठी नव्हतंच, शिवण टोचू नये आणि घासू नये म्हणून होतं. तुम्ही जे मागताय ते मुळातलंच आहे.

सुईदोरा

ताई, मी सांगलीची, शिवणकाम करते. सायकल फक्त बाजारापर्यंत. पण लेगिंगचं तुम्ही जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही.

दोष कापडाचा नाही, कटिंगचा आहे. साध्या लेगिंगमध्ये दोन पाय जोडले की चारही शिवणी आसनात एका बिंदूवर येतात आणि तिथे कापडाचे थर साचतात. सलवारीला आपण मियानी टाकतो ना, तसा वेगळा तुकडा आसनात टाकला की शिवणी बाजूला, मांडीकडे सरकतात. विकत घेताना शॉर्ट्स उलटी करा आणि मधोमध अंगठा फिरवा. अंगठ्याला गाठ लागली तर ठेवून द्या. शिवण फ्लॅटलॉकची हवी, म्हणजे आतून बाहेरून सारखीच सपाट. ओव्हरलॉकची कड आत उभी राहते आणि तीच कातडी सोलते.

कापड नायलॉन आणि स्पॅन्डेक्सचं (यालाच लायक्रा म्हणतात) बघा, स्पॅन्डेक्स वीस टक्क्यांच्या आसपास असलं की चांगलं बसतं. सुती नको, घाम धरून ठेवतं. आणि दुकानात दोन्ही हातांनी ताणून उजेडाला धरा. ताणल्यावर आरपार दिसलं तर वाकल्यावरही दिसणार. मांडीची पट्टी रुंद असेल तर वर सरकत नाही. आतली चड्डी शक्यतो नकोच, घालायची तर बिनशिवणीची.

शिवून घ्यायची असेल तर साध्या टेलरकडे नका टाकू. सरळ टाक्याचा दोरा लायक्राबरोबर ताणत नाही, तुटतो. कबड्डी-खोखोचे ड्रेस शिवणारे असतात त्यांच्याकडे फ्लॅटलॉक मशीन असतं. मियानी टाकून द्या म्हणालात की त्यांना कळेल.

माहुलीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहिते.

जेलचं कव्हर काढलं. पुठ्ठ्यावर १३ सेंटिमीटर आले. माझी सीट मोजली तर रुंदी पुरेशी निघाली, म्हणून तीच ठेवली. मुलाने मागून बघितलं, कंबर हलत होती. सीट बोटभर खाली घेतली. पहिले चार दिवस हाडं दुखली, पाचव्या दिवसापासून नाही.

पुण्याला जाऊन ट्राय शॉर्ट्स घेतली. सहा उलट्या करून अंगठा फिरवला तेव्हा एक पसंत पडली. रविवारी यवतेश्वर चढून पुढे कास रस्त्याला थोडं गेले. काचलं नाही, वर थांबल्यावर गार लागलं नाही आणि येताना मंडईत मेथी-कोथिंबीर निवांत निवडून घेतली. रात्री धुऊन पिळून दोरीवर टाकली, सकाळी वाळलेली होती. अर्थात अजून पाऊस सुरू व्हायचा आहे, जुलैत काय होतं ते तेव्हाच लिहीन.

सुईदोरा, एक विचारायचं राहिलं. पावसाळ्यासाठी दुसरी जोडी शिवूनच घ्यावी म्हणते. पोवई नाक्याजवळ खेळाचे ड्रेस शिवणारे एक काका आहेत, ते मियानी टाकायला तयार झाले. मियानीला तेच कापड एकेरी घ्यायचं की दुहेरी?

सुईदोरा

दुहेरी घ्या, पण आतला थर मऊ बाजू कातडीकडे ठेवून. आणि दोन्ही थरांची शिवण एकाच ओळीत येऊ देऊ नका म्हणावं, आतला तुकडा अर्धा इंच मोठा कापायचा. कापड पुरणार नाही असं म्हणाले तर मला सांगा, माझ्याकडे काळ्या लायक्राचे तुकडे आहेत, एसटीने पाठवते.