गाय वायरला मराठीत काय म्हणायचं? ताण, तणाव की तणावा?

हॅम (हौशी) रेडिओत नव्याने येणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायला घेतलंय. विषय असा की तिरक्या तारांनी (म्हणजेच गाय वायरनी) ताणून उभा केलेला टॉवर हाच अँटेना म्हणून वापरायचा, म्हणजे टॉवरवर अँटेना नव्हे, टॉवरच अँटेना. पहिल्याच पानावर अडलो. "टॉवरला तीन बाजूंनी गाय बांधलेल्या असतात" असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीत "आता टॉवरला फीड कसं द्यायचं ते बघू". मित्राला वाचायला दिलं तर म्हणाला, पशुपालनावर कधीपासून लिहायला लागलास? तर गाय वायरला काय लिहू? आणि जमलं तर फीड (टॉवरला सिग्नल देणं), मॉडेलिंग (अँटेना कसा वागेल ते आधी संगणकावर बघणं), रेडियल (पायथ्याशी पुरायच्या तारा) यांचंही बघा.

—

तणाव तर अजिबात नको, आजकाल तणाव म्हटलं की बीपीची गोळीच आठवते. विजेच्या खांबाला जी तिरकी तार असते तिला वायरमन ताण म्हणतात, "खांबाला ताण दे" असं. बातम्यांमध्येही ताणतार वाचलंय. तेच घ्या.

—

जुना शब्द आहे ना, तणावा! तंबूच्या दोरीला तणावा म्हणतात, अनेकवचन तणावे. आणि इथे तो नुसता चालतो असं नाही, हक्काने बसतो. कारण अँटेना म्हणजे मुळात लॅटिनमध्ये जहाजाच्या शिडाचं आडवं लाकूड, आणि इटालियनमध्ये तंबूच्या मधल्या खांबालाही तोच शब्द. मार्कोनीने १८९५ च्या प्रयोगांत खांबाच्या आधाराने तार उभी केली आणि त्या खांबाचं नाव अख्ख्या यंत्रणेला चिकटलं असं सांगतात. मग अँटेनाच तंबूचा खांब असेल तर त्याच्या दोऱ्या तणावेच की. एरवी डोलकाठीही सुंदर शब्द आहे पण टॉवरला डोलकाठी म्हटलं तर लोक घाबरतील, डोलू नये म्हणून तर एवढा खटाटोप :)

—

तणावा ला माझं मत. ताण घेतलं तर पंचाईत अशी होते की तारेतल्या बलालाही ताणच म्हणतो आपण, "ताणातला ताण तपासा" असं लिहावं लागेल. तणाव्यातला ताण, हे कसं स्वच्छ वाटतं.

पण एक सांगतो, तंबूचा तणावा नुसता धरून ठेवतो, इथला तणावा स्टीलचा असतो, त्यामुळे तो विजेच्या दृष्टीने अँटेनाचाच भाग व्हायला बघतो. म्हणून त्याचे तुकडे करून मध्ये चिनीमातीची अंडी, म्हणजे अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर, घालतात. ते अंडं हातात घेऊन बघण्यासारखं असतं, दोन भोकं एकमेकांना आडवी, दोन्ही तारांचे फास एकमेकांतून गेलेले पण मध्ये चिनीमाती, त्यामुळे ती ओढली न जाता दाबली जाते, आणि उद्या अंडं फुटलंच तर फासात फास अडकून राहतो, टॉवर पडत नाही. माझा एक तणावा दोन अंड्यांच्या मध्ये साधारण २० मीटर अखंड राहिला होता, ७ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी २१ मीटर, म्हणजे जवळजवळ सुरात लागलेली तार. मॉडेलमध्ये बघितलं तर त्याच्यातून झकास करंट वाहतोय आणि सिग्नल एका बाजूला कललेला. दोन अंडी वाढवली, गप्प झाला. उलट कधी कधी वरच्या तणाव्यांचा पहिला तुकडा मुद्दाम टॉवरला जोडलेला ठेवतात, मग टॉवर आहे त्यापेक्षा उंच असल्यासारखा वागतो. त्याला टोपी म्हणा बिनधास्त.

फीडला शब्द शोधू नका. फीडच ठेवा, क्रियापद मात्र "चढवणे" घ्या, आम्ही बोलताना टॉवरवर सिग्नल चढवतो असंच म्हणतो. पायथ्याला इन्सुलेटर असेल तर तिथून चढवायचा, ते पायथा-फीड. टॉवर थेट जमिनीला जोडलेला (अर्थिंग केलेला) असेल तर शेजारून एक तार वर नेऊन काही उंचीवर टॉवरला जोडायची आणि त्या तारेतून चढवायचा, हे बगल-फीड.

—

मॉडेलिंगला प्रतिकृती लिहू नका एवढी विनंती. प्रतिकृती म्हणजे हुबेहूब, आणि इथे आपण करतो नेमकं उलट. तीन पायांचा जाळीदार टॉवर, त्याच्या शेकडो तिरक्या पट्ट्या, हे सगळं सोडून देऊन नेक (NEC) सारख्या अँटेनाचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅमला एकच जाड तार सांगतो. जाडी कशी काढायची, तर पायाची त्रिज्या गुणिले दोन पायांमधल्या अंतराचा वर्ग, त्याचं घनमूळ. पायाची त्रिज्या १.५ सेंमी आणि अंतर ३० सेंमी असेल तर उत्तर येतं सुमारे ११ सेंमी त्रिज्या. म्हणून प्रतिमान म्हणा, किंवा सरळ मॉडेल. फक्त बगल-फीडच्या वेळी जपून, नेक-२ या आवृत्तीला जाड आणि बारीक तारा एकमेकींना जोडलेल्या आवडत नाहीत, उत्तरं चुकतात.

आणि रेडियलला आरे! चाकाचे असतात तसे पायथ्यापासून चहूकडे जमिनीत पुरलेल्या तारा. मीडियम वेव्ह प्रसारण केंद्रांच्या टॉवरखाली साधारण १२० आरे पुरतात, त्यामागे १९३७ साली छापून आलेले प्रयोग आहेत.

—

मनोरा कोणी सुचवला नाही ते बरं झालं. मनोरा स्वतःच्या पायावर उभा असतो, हा तणाव्यांच्या जिवावर. पोलंडमधला ६४६ मीटरचा रेडिओ मास्ट ८ ऑगस्ट १९९१ ला कोसळला तो तणावे बदलताना.

—

सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालंय: "टॉवरच्या तणाव्यांत अंडी घाला, पायथ्याशी आरे पुरा, टोपी ठेवायची का ते मॉडेलमध्ये बघा आणि मग सिग्नल चढवा." मित्राला परत पाठवलं. म्हणतो, बरं जमलंय, पण तंबू कुठे टाकलाय आणि अंडी कोणाची?